हात लावणारीने बोलायचं नाही म्हणे! डहाणू, सायवन आणि तलासरी

मामांचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर पापड वाळत घालत होते. मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. सगळी नोकरी रेल्वेत झाली, त्यातली बहुतेक डहाणू रोडला. मूलबाळ नाही. मामी गेल्या, मग अर्धांगाचा झटका येऊन उजवी बाजू कमजोर झाली. तेव्हा मी म्हटलं होतं, नाशिकला माझ्याकडे चला. तर म्हणाले, "तुझ्याकडे गाड्यांचा आवाज येत नाही." आणि मसोलीजवळ एका चिकूच्या वाडीत वृद्धाश्रम आहे तिथे राहायला गेले.

"नले, रविवारी ये," मामा फोनवर म्हणाले. झटक्यानंतर त्यांचे शब्द जरा ओढल्यासारखे येतात, पण हुकूम सोडायची सवय गेलेली नाही. "आश्रमात रोबोट आणलाय. तो कायमचा ठेवायचा का, हे नातेवाइकांना हात वर करायला लावून ठरवणार आहेत. तू हात वर करायचा नाहीस."

"का? त्रास देतो का तुम्हाला?"

"छे. फार गोड बोलतो," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आता यावर घरी कोण बसणार? पापड सुनेच्या हवाली केले आणि शुक्रवारी सकाळी नाशिक-डहाणू गाडीची खिडकी पकडली. या ब्लॉगवर पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी सांगते, मी निवृत्त कंडक्टर आहे. नोकरीभर गाडीत उभी होते, आता तिकीट काढून बसते. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे ही चैन परवडते. मुंबईमार्गे रेल्वेने लवकर पोचता येतं म्हणणाऱ्यांनी खुशाल तसं जावं. पण होळीच्या आधीच्या दिवसांत त्र्यंबक, मोखाडा, जव्हार हा रस्ता ज्याने पाहिला नाही त्याच्याशी मी वाद घालत नाही. डोंगर वाळून पिवळे झालेले असतात आणि मधेच एखादा पळस नुसता लाल पेटलेला असतो. गाडी लागत असेल तर पुढच्या बाकांवर बसा, वळणं खूप आहेत. जव्हारच्या स्टँडवर गाडी थांबते तेवढ्यात मिसळ खाऊन होते. तर्री आधी जपून घ्या.

कासा आलं की गाडी अर्धी रिकामी होते. इथे बाजार, सरकारी दवाखाना आणि पाड्यापाड्यांवर जाणाऱ्या जीपा. पुढे चारोटी नाक्याला अहमदाबादचा हायवे, ट्रकांची रांग, आणि तो ओलांडला की हवा बदलते. आशागड सोडल्यावर खाऱ्या वाऱ्याचा वास यायला लागतो. डहाणूत मी स्टेशनजवळच्या लॉजवर उतरले. खोली स्वच्छ, गरम पाणी मागितलं तर मिळतं. किनाऱ्याकडच्या हॉटेलांचे भाव शनिवार-रविवारी डोक्यात जातात, तिथे जाऊच नका. पिशव्या टाकल्या आणि रिक्षा करून मसोली गाठली.

आश्रम छान आहे. उगीच नावं ठेवायची म्हणून ठेवणार नाही. बैठं घर, लाल फरशी, समोर चिकूची झाडं आणि त्यांची गार सावली. मामा व्हरांड्यात चाकाच्या खुर्चीत बसले होते. हंसाबेन त्यांचा सदरा बदलत होत्या. हंसाबेन मसोलीच्याच, इथे सुरुवातीपासून आहेत, अर्धं मराठी अर्धं गुजराती बोलतात. म्हणजे एरवी बोलतात. मागच्या खेपेला मी फाटकातून आत येईपर्यंत त्यांनी मला माझ्या तब्येतीपासून सुनेपर्यंत सगळं विचारून घेतलं होतं. या वेळी नुसतं हसल्या आणि ओठांवर बोट ठेवलं.

मामांच्या शेजारी तो उभा होता. रोबोट. कमरेएवढा उंच, पांढरा, खाली चाकं, वर शाळेच्या पाटीएवढा पडदा आणि त्यावर दोन निळे डोळे. हात नाहीत. हे नीट वाचा, पुढे लागणार आहे. हात नाहीत.

"मामा, आज तुम्हाला कसं वाटतंय?" त्याने विचारलं. आवाज बाईचा, अगदी साखरेत घोळलेला.

मामांचा उजवा हात बाहीत अडकला होता. तो हात दुखतो, म्हणून बाही काढताना हंसाबेन नेहमी "जरा सोसा हां दादा, झालं, झालं" म्हणत काढतात. आज न बोलता काढत होत्या. मामांनी दात आवळले. रोबोट म्हणाला, "वा! मग एक छानसं भजन ऐकू या का?"

त्यांच्या मागे भिंतीवर सूचना लावली होती: सखी संवाद साधत असताना कर्मचाऱ्यांनी बोलू नये. सखी हे त्या रोबोटचं ठेवलेलं नाव.

मी सरळ मॅनेजरच्या खोलीत गेले. मॅनेजर तसे सभ्य, इस्त्रीच्या कपड्यातले, चहा सांगणारे. म्हणाले, "ताई, दोन आवाज एकदम आले की मशीन गोंधळतं. सध्या चाचणी चालू आहे. प्रत्येक आजी-आजोबांशी सखी किती बोलली ते नातेवाइकांना मोबाइलवर दिसतं. पूर्वी आमच्याकडे तक्रारी यायच्या, बायका कामं सोडून गप्पा मारत बसतात म्हणून."

"कोणाशी गप्पा मारत बसतात?"

"आजी-आजोबांशी."

मी चहा संपवला. कधीकधी समोरच्याला स्वतःचं वाक्य पुन्हा ऐकू यायला थोडा वेळ द्यावा लागतो. त्यांना काही ऐकू आलं नाही.

बाहेर आले तर चिकूच्या झाडाखाली हंसाबेन आणि दुसरी एक बाई डबा खात होत्या. ही सविता. चाळिशीची, उंच, बांध्याने मजबूत, आवाज असा की माझ्या गाडीत असती तर मला शिट्टी लागली नसती. सायवनच्या बाजूच्या एका पाड्यावरून येते, आठवडाभर इथेच राहते आणि सुटीला घरी जाते. मामा तिला "पोरी" म्हणतात, ती त्यांना "बाबा". पाळीवर असेल त्या दिवशी मामांना आंघोळ घालणं, कपडे करणं, भरवणं, तेल लावणं, सगळं तिच्याकडे.

"झाडाखाली का जेवता? आत खिडकीपाशी तुमचं बाकडं होतं ना?" मी विचारलं.

"बाकडं काढलं ताई. पुढाऱ्याला चार्जिंगला जागा पाहिजे."

"पुढारी कोण?"

"तोच. गोड बोलतो, कामाला हात लावत नाही, आणि आला की बाकीच्यांनी गप बसायचं," सविता म्हणाली. हंसाबेन तोंडातला घास सांभाळत इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

मग दोघींनी सगळं सांगितलं. पुढाऱ्याला उंबरा ओलांडता येत नाही, म्हणून आठवड्याच्या आत सगळ्या दारांना सिमेंटचा उतार झाला. चाकाच्या खुर्च्यांसाठी हाच उतार या बायका कधीपासून मागत होत्या, तेव्हा मिळाला नव्हता. "चालो ने, उतार तो मळ्यो," हंसाबेन म्हणाल्या, म्हणजे चला, उतार तरी मिळाला. लाइट गेली आणि त्याचं चार्जिंग संपलं की तो दारातच मरून पडतो, मग दोघींनी ढकलत न्यायचा. त्याला कॅमेरा आहे. कधी खोलीभर ऐकू जाईल असं विचारतो, "सविता, तुम्ही हात धुतले का?"

"मी आजींच्या समोर हात धुवून येते, आणि हा परत विचारतो. आजीला वाटतं मी धुतलेच नाय," सविता म्हणाली. "पण एक खरं बोलते ताई. गोळ्यांची आठवण बरोबर करतो. आणि कोपऱ्यातले आजोबा एकच गोष्ट दिवसभर विचारतात, त्यांना हा दर वेळी नीट सांगतो. मला राग येतो. मी ओरडते पण कधी. त्याला राग येत नाय."

"मग तुझी तक्रार काय?"

तिने कमरेवर हात ठेवला. "कंबर गेली माझी माणसं उचलून. आम्ही बोललो, साहेब, उचलायचं मशीन आणा. त्यांनी बोलायचं आणलं. उचलायचं आमच्यावरच ठेवलं आणि तोंड तेवढं काढून घेतलं."

मला हे कळलं, कारण माझ्या नोकरीतही मशीन आलं होतं. आधी तिकिटांचा ट्रे आणि पंच होता, नंतर बटणं दाबायचं मशीन आलं. मी ते शिकले, मला आवडलंही, बोटं वाचली. तिकीट मशीन काढायचं, पण "पुढे सरका, मागे बाई उभी आहे" हे मीच म्हणायचे. ते म्हणू नका असं मला कोणी सांगितलं असतं तर मी गाडी तिथेच उभी केली असती.

दुसऱ्या दिवशी सविताची सुटी. "चला आमच्याकडं, आपला पाडा बघा," ती म्हणाली आणि मी निघाले. डहाणूहून कासा एसटीने, तिथून सायवनकडे शेअर जीप. भाडं एका वडापावाएवढं आणि जीपमध्ये माणसं जागेच्या दुप्पट. माझ्या मांडीवर एक कोंबडी होती, तिची मालकीण पुढच्या बाकावर. रस्ता छोटा पण बरा आहे. दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची मोकळी शेतं, मधे मोहाची झाडं. सकाळी या बाजूला आलात तर मोहाच्या फुलांचा वास अंगाला चिकटून येतो.

सविताच्या अंगणात सारवलेल्या जमिनीवर मोहाची फुलं वाळत पसरली होती. तिने मला नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी आणि काळा चहा दिला. कुडाच्या भिंतीला टेकून बसलो. कामाला माणसं बाहेर गेलेली होती, घर शांत होतं. तिथे तिने मला ती गोष्ट सांगितली. ती मी तिच्या परवानगीने इथे लिहिते आहे.

"मागच्या साली माझा सासरा गेला. आमच्याकडं माणूस गेला की बायका पाणी घालतात. तवा पण आम्ही बोलतो, ताई. मेलेल्याशी. 'बाबा, पाणी घालते हां, डोळे मीट. आता मान वळवते. गार लागलं का?' असं. सासू शिकवते, तिला तिच्या सासूनं शिकवलेलं. न सांगता अंगावर पाणी घालायचं नाय. मेला तरी माणूस हाय ना." तिने भाकरीचा तुकडा मोडला. "आणि इथं जितं माणूस माझ्या हातात असतं, त्याला मी न बोलता आंघोळ घालू? भांडं घासतेय का मी?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते पुसलं. माझी आई शेवटच्या दिवसांत दवाखान्यात होती, तेव्हा तिला न सांगता पटकन कुशीवर वळवलं की ती दचकायची. ते दचकणं मला त्या अंगणात पुन्हा दिसलं.

"नियम लागला त्या दिवसापासून बाबा आंघोळीला घाबरतात," सविता म्हणाली. "तांब्या उचलला की हात घट्ट धरतात. मी बोलली त्यांच्याशी दोनदा. पुढाऱ्यानं ऐकलं, साहेबाला कळलं. आता परत बोलली तर काम जाणार. ट्रस्टी शेठला सांगायला चाललेय तलासरीला. होळीचा बाजार पण करायचाय. येता?"

येता म्हणून काय विचारायचं?

सायवनहून उधव्यामार्गे तलासरीला जीप मिळते, भरेपर्यंत थांबायची तयारी ठेवा. होळीच्या आधीचा तलासरीचा बाजार एकदा तरी बघाच. बाहेरगावी कामाला गेलेले लोक परत येतात आणि जो तो काही ना काही घेतो: कपडे, बांगड्या, साखरेच्या गाठ्या, सुकी मासळी, नवी चप्पल. मराठी, गुजराती, वारली सगळं एकाच वाक्यात ऐकू येतं आणि भाव तिन्हीत तेवढाच चढा असतो. सविताने लेकीसाठी हिरवा फ्रॉक घेतला. घासाघीस अशी केली की दुकानदाराने शेवटी तिला पाणी विचारलं.

ट्रस्टी शेठचं तलासरीत टाइल्सचं दुकान आहे. माणूस वाईट नाही, हेही लिहून ठेवते. आश्रमाची जमीन त्यांनी दिलेली आहे. आम्हाला खुर्च्या दिल्या, मसाला ताक मागवलं, सविताचं सगळं ऐकून घेतलं. सासऱ्याची गोष्ट तिने सांगितली नाही. ती त्यांच्यासाठी नव्हती बहुतेक. तिने एवढंच म्हटलं, "शेठ, मशीन ठेवा. पण मी ज्याला हात लावेन त्याच्याशी मी बोलणार."

"सविताबेन, कंपनीने मशीन चाचणीला फुकट दिलंय. उद्या त्यांची माणसं येतील, नातेवाईक येतील. तुम्ही मालिश करायची, सखी बोलणार, एवढंच दाखवायचंय. छान दिसेल." मग शेठनी ग्लास खाली ठेवला. "आणि स्पष्ट सांगतो, उद्या तुम्ही मधे बोललात, तर परवा कामाला यायचं नाही."

"बरं झालं स्पष्ट सांगितलं," सविता म्हणाली आणि ताक संपवून उठली.

हायवेवर एका टपरीवर उंबाडियुं मिळालं. मडक्यात पाल्यासकट भाजलेले कंद आणि पापडी, सोबत हिरवी चटणी. थंडी संपली की हे मिळत नाही, म्हणून आम्ही दोन प्लेटी घेतल्या. शेजारून ट्रक धडधडत होते, त्यामुळे मला ओरडून विचारावं लागलं, "उद्या काय करणार?"

"उद्या बाबाला तेल लावायचंय," तिने ओरडून उत्तर दिलं. पुढे काही सांगितलं नाही. मी चारोटीला उतरून डहाणूची एसटी धरली, सविता कासाकडे गेली.

रविवारी सकाळी आश्रमात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. नातेवाईक मुंबईहून, सुरतेहून, वापीहून गाड्या घेऊन आलेले. आजी-आजोबांना स्वच्छ कपडे घालून पुढे, आमच्याकडे तोंड करून बसवलेलं. शेठ, मॅनेजर आणि कंपनीचा एक तरुण साहेब एका बाजूला. मधे मामा, त्यांच्या एका बाजूला सखी आणि दुसऱ्या बाजूला तेलाची वाटी घेऊन सविता.

सुरुवात झाली. सखीने सगळ्यांना नमस्कार केला, टाळ्या पडल्या. मग तिने मामांना विचारलं, "मामा, तुम्ही रेल्वेत होतात ना? मला एखादी आठवण सांगा."

सविताने खाली बसून मामांचं उजवं पाऊल मांडीवर घेतलं. ओठ मिटलेले.

"सखी," मामा सावकाश म्हणाले, "माझी पाठ खाजव."

"मला ते जमत नाही," सखी म्हणाली, "पण मी तुम्हाला एक सुंदर गाणं ऐकवू शकते."

"गाणं नको. पाठ खाजव."

"पाठ खाजत असेल तर त्वचा कोरडी असू शकते. मी त्याबद्दल माहिती सांगू का?"

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मामांचा चेहरा स्टेशनात गाडी येत असताना असायचा तसा, गंभीर. सविता उठली, त्यांच्या मागे गेली आणि पाठ खाजवायला लागली. न बोलता.

"जरा डावीकडे," मामा म्हणाले.

सखी डावीकडे वळली आणि चालायला लागली. सरळ चहाच्या टेबलाकडे. कंपनीचा साहेब तिच्यामागे धावला. आता सगळेच हसत होते. मीही हसले, पुढे बसलेल्या आजींनी तर पदर तोंडाला लावला. मॅनेजर नातेवाइकांना समजावत होते की सेटिंगचा प्रश्न आहे.

साहेबाने सखीला जागेवर आणून उभं केलं. पुन्हा मालिश सुरू. पुन्हा तोच गोड प्रश्न. सविताने मामांचा दुखरा हात हातात घेतला आणि मामांनी तो घट्ट आवळला, खांद्यापासून. आता ते विनोद करत नव्हते. घाबरले होते. सगळ्यांसमोर, एवढा ताठ माणूस. मला बसवेना.

आणि सविता बोलली. आधी त्यांच्याशीच. "बाबा, मी हाय. हात सोडवते हां. हळू. आता कोपर. तेल गरम हाय, बघा." मामांचा खांदा खाली आला, आम्हा सगळ्यांना दिसेल असा. "सखी संवाद..." असं मॅनेजर म्हणेपर्यंत ती उभी राहिली होती.

तिने ती गोष्ट सांगितली. तलासरीत न सांगितलेली. पाणी, डोळे मीट, गार लागलं का, सगळं. शेवटी म्हणाली, "आम्ही मेलेल्याला पण सांगून हात लावतो. हे तर जिते हाय. मशीन ठेवा, मला काय त्याचं? बादल्या वाहू दे, चादरी नेऊ दे, माणूस उचलता येत असेल तर मी त्याला हार घालते. पण हात माझा असेल तर तोंड पण माझंच राहणार."

सुरतेच्या एका गृहस्थांनी विचारलं, "पण बेन, तुम्ही बोललात की मशीनला नीट ऐकू येत नाही म्हणतात."

"नाय येऊ दे ना. बाबाला ऐकू आलं पाहिजे."

हंसाबेन कोपऱ्यातून पुढे आल्या आणि सविताच्या शेजारी उभ्या राहिल्या. "आणि हिला काढणार असाल तर मलापण काढा, शेठ. पछी तुमची सखी नवडावशे बधांने." मग मराठीत, कुणाला कळलं नसेल तर, "घालू दे तिला आंघोळ सगळ्यांना."

शेठचा चेहरा पडला. पण माणूस व्यवहारी, त्यांनी घाईघाईने मतदान घेतलं. "सखी कायम हवी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा." आणि सांगते, बरेच हात वर झाले. मला वाईट वाटलं, आश्चर्य वाटलं नाही. लांब राहणाऱ्याला रोज संध्याकाळी मोबाइलवर आईचं बोलणं दिसतं, त्याचा आधार वाटतो. मी कोणाला दोष देत नाही. मी हात मांडीवर ठेवले.

मग मात्र उभी राहिले. आवाज कंडक्टरचाच लावला, मागच्या दारापर्यंत जाणारा. "शेठ, हे नातेवाइकांचं झालं. आंघोळ कोणाला घालायची आहे? पुढे बसवलेत त्यांना विचारलंत का?"

"त्यांना काय कळणार आहे, ताई," शेठ म्हणाले आणि म्हणताक्षणी त्यांचं त्यांनाच उमगलं.

मी पुढे जाऊन आजी-आजोबांच्या समोर उभी राहिले. "आंघोळ घालणारीने तुमच्याशी बोलावं, असं कोणाकोणाला वाटतं?"

मामांचा डावा हात सगळ्यांत आधी वर गेला. मग पदर तोंडाला लावलेल्या आजींचा. मग हळूहळू एकेक, थरथरणारे, कोणी दुसऱ्या हाताने आधार देऊन वर धरलेले. कोपऱ्यातले आजोबा, ज्यांना सखी न रागावता तीच गोष्ट पुन्हा सांगते, त्यांनीही हात वर केला. त्यांना प्रश्न कळला होता की नाही, मला माहीत नाही. पण हात खाली घ्यायला ते तयार नव्हते.

"विचार करू," शेठ म्हणाले. कार्यक्रम संपला, सामोसे वाटले गेले. फाटकापाशी मॅनेजर सविताला हळूच म्हणाले, "उद्या येऊ नका असं मला म्हणायला लावू नका."

"मग म्हणूच नका," ती म्हणाली. "मी येते सकाळी."

सोमवारी सकाळच्या गाडीने मी परतले. जव्हारला पुन्हा मिसळ, या वेळी तर्री जास्त. जाणार असाल तर आठवणीने चिकू न्या, पण पिकलेले घेऊ नका, वळणांत त्यांचा शिरा होतो. माझा झाला. खर्च सगळा मिळून मुंबईच्या एका दिवसापेक्षा कमीच आला.

घरी येऊन पिशवी धुतली, पापड डब्यात भरले, आणि मन लागेना. तिला काढलं असेल का, एवढंच डोक्यात. सूनबाईने विचारलं, काय झालं. मी तिला सगळं सांगितलं आणि वर हेही सांगून टाकलं, की माझी वेळ आली तर मशीन जरूर आणा. मी काही हलकी नाही, तुमची कंबर मोडेल. उचलायला मशीन, गोळ्यांना मशीन, माझी काही हरकत नाही. पण जो मला हात लावेल त्याने माझ्याशी बोलायचं. तिने मान हलवली. लेकाला पुन्हा वेगळं सांगणार आहे.

मंगळवारी सकाळी मामांचा फोन आला. आवाज घुमत होता, न्हाणीघरातला.

"नले, बोलू नकोस. नुसतं ऐक."

त्यांनी फोन बहुतेक स्टुलावर ठेवला. आधी बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला. मग दाराबाहेरून तो साखरेचा आवाज, "मामा, आज तुम्हाला कसं वाटतंय?" आणि त्याच्यावर, त्याला पुरतं झाकून टाकणारा, माझ्या गाडीत शिट्टी लागू न देणारा दुसरा आवाज.

"बाबा, डोळे मिटा. पाणी घालते."